सार्जंट पेपर, पन्नास वर्षांनी: विस्तारित आवृत्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीटल्स, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा इंग्लिश रॉक बँड. त्यांचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम मे १९६७च्या अखेरीस इंग्लंडमधल्या दुकानांत आला. बरोबर पन्नास वर्षांनी, २६ मे २०१७ला, तो नव्याने मिक्स होऊन, म्हणजे सुटे मुद्रित आवाज पुन्हा जुळवून, ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या न वापरलेल्या टेपांसकट पुन्हा आला. माझ्याकडे त्याची मोठी पेटी आहे हे कळल्यापासून भाचरं, मित्र आणि मित्रांची कॉलेजात जाणारी मुलं ऐकायला येतात, आणि जाताना तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केलेत. तारखा आणि आकडे नोंदींतले आहेत, आवडीनिवडी माझ्या.

याला 'कन्सेप्ट अल्बम', म्हणजे एकाच कल्पनेत ओवलेला अल्बम, म्हणतात. मग यात गोष्ट काय आहे?

गोष्ट नाही. हे एकदा मान्य केलं की अल्बम खूप सोपा होतो.

२९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला. पोरींच्या किंकाळ्यांत स्वतःचंच वाजवलेलं त्यांना ऐकू येत नसे. दौऱ्यांना ते विटले होते. त्या नोव्हेंबरात पॉल मॅकार्टनी केनियाहून विमानाने परत येत होता, सोबत त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स होता. तेव्हा पॉलच्या डोक्यात आलं, की आपण बीटल्स नाहीच असं समजून अल्बम केला तर? जुन्या लष्करी बँडसारखं लांबलचक नाव घ्यायचं, त्यांचे कपडे घालायचे, आणि बीटल्सनी काय करावं या लोकांच्या अपेक्षेतून सुटायचं.

कल्पना एवढीच. पहिल्या गाण्यात हा खोटा बँड प्रेक्षकांचं स्वागत करतो, मग रिंगो स्टार 'बिली शिअर्स' होऊन गातो, आणि शेवटाकडे तीच सुरुवातीची धून पुन्हा वाजवून बँड निरोप घेतो. मधल्या गाण्यांचा सार्जंट पेपरशी काडीचा संबंध नाही. जॉन लेननने पुढे सरळ सांगितलं होतं, की माझ्या गाण्यांचा त्या कल्पनेशी काही संबंध नव्हता; आम्ही म्हणालो म्हणून ती चालून गेली.

मला हे आपल्या संगीत नाटकासारखं दिसतं. नांदी झाली, सूत्रधार बोलून गेला, पण नाटक सुरूच होत नाही; नुसते एकामागून एक सुटे प्रवेश येतात. सर्कस, वाहतूक पोलीस बाई, घर सोडून गेलेली मुलगी, चौसष्टाव्या वर्षाची चिंता करणारा तरुण. मग भैरवी होते. आणि भैरवी झाल्यावर, लोक चपला शोधायला उठलेले असताना, 'अ डे इन द लाइफ' सुरू होतं. आपल्याकडे भैरवीनंतर कुणी गात नाही. तो धक्का आपल्याला इतरांपेक्षा जास्त बसावा.

तेव्हा 'कन्सेप्ट' शोधायचाच असेल तर तो शब्दांत शोधू नका. तो टेपेत आहे. गाणी एकमेकांना चिकटवून, टाळ्या-हशा घालून, आवाजांची खोटी जागा तयार करून या लोकांनी अस्तित्वात नसलेली मैफल उभी केली. २०१७च्या आवृत्तीतून हेच दिसतं, आणि माझ्या मते ती ऐकण्याचं तेवढंच एक कारण पुरेसं आहे.

इतक्या गाजलेल्या अल्बमला पुन्हा हात लावायची गरज काय होती?

गरज तांत्रिक होती. ती समजून घ्यायला १९६७चा अॅबी रोडचा स्टुडिओ डोळ्यांपुढे आणावा लागेल. तेव्हा त्याला, बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाने, ईएमआय स्टुडिओच म्हणत. तिथे चार ट्रॅकची स्टूडर जे-३७ यंत्रं होती. आज मोबाइलवरच्या फुकट अॅपमध्येही याहून जास्त ट्रॅक मिळतात.

चार ट्रॅक म्हणजे चार कप्पे. एकात ढोल, एकात गिटार, एकात पियानो, एकात आवाज, की संपलं. अजून काही घालायचं तर हे चारही मिळून दुसऱ्या यंत्रावरच्या एक-दोन कप्प्यांत उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या कप्प्यांत पुढचं भरायचं. काही गाण्यांत हे एकाहून जास्त वेळा झालं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं जशी फिकट होतात, तसंच टेपेचं होतं. प्रत्येक उतरवणीत टेपेचा सरसर आवाज वाढतो, ढोलाची धार जाते, आणि एकदा एकत्र झालेले आवाज नंतर वेगळे करता येत नाहीत.

पण ईएमआयने आधीच्या टेपा फेकल्या नव्हत्या, आणि सगळी जादू तिथे आहे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि इंजिनिअर सॅम ओकेल यांनी त्या पहिल्या पिढीच्या टेपा काढल्या आणि संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. मग झेरॉक्स बाजूला ठेवून मूळ कागदांवरूनच नवं मिक्स केलं. म्हणून रिंगोचे ढोल अचानक खोलीत आल्यासारखे वाटतात. ते आधीपासून तसेच वाजले होते. आपल्यापर्यंत पोचत नव्हते.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक काय? दुकानदार दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात.

रीमास्टर म्हणजे झालेल्या आमटीला वरून फोडणी देणं. रीमिक्स म्हणजे डाळ, चिंच, गूळ, मसाला परत वेगळा हातात घेऊन आमटीच नव्याने करणं. २००९ला आलेला संच रीमास्टर होता. २०१७चा स्टिरिओ रीमिक्स आहे. दोघांचं वेष्टन जवळपास सारखंच दिसतं, तेव्हा घेताना वर्ष बघा.

मोनो ऐकू की स्टिरिओ?

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना उत्तर आधीच माहीत असतं आणि ते माझी परीक्षा घेत असतात. दुसऱ्यांना मनापासून आश्चर्य वाटतं, की एका स्पीकरचा आवाज दोन स्पीकरांपेक्षा चांगला कसा असेल?

१९६७मध्ये इंग्लंडातल्या बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा प्लेअर होता. त्यामुळे बीटल्स स्वतः मोनो मिक्सला बसले, त्यावर दिवस घालवले. स्टिरिओ मिक्स नंतर, ते नसताना, भराभर उरकलं गेलं. पुढे जगाने मात्र स्टिरिओच ऐकलं. १९८७ची सीडीसुद्धा स्टिरिओच होती. म्हणजे दोन पिढ्यांनी या अल्बमची घाईत केलेली प्रत पूजली.

फरक नुसता 'आवाज मधे की बाजूला' एवढाच नाही. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जलद आहे, स्वरही चढा. जुन्या स्टिरिओत ते रेंगाळतं आणि नको तितकं रडवेलं होतं. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' मोनोत उलट जरा संथ आहे, आणि त्यावरची ती पाण्याखालून आल्यासारखी लहर जास्त गडद आहे. शेवटाकडच्या 'रीप्राइज'मध्ये, म्हणजे पहिल्या गाण्याच्या पुनरावृत्तीत, मोनोत पॉलचं मागून ओरडणं ऐकू येतं. स्टिरिओत ते जवळजवळ हरवलंय.

२०१७च्या मिक्समध्ये जाइल्स मार्टिन यांनी शहाणपणा दाखवला. मिक्स स्टिरिओ आहे, पण नमुना म्हणून समोर मोनो ठेवलाय. 'शीज लीव्हिंग होम' आता मोनोच्याच चालीने चालतं. ज्यांनी आयुष्यभर जुनं स्टिरिओ ऐकलंय त्यांना पहिल्यांदा ते घाई केल्यासारखं वाटेल. दोनदा ऐका.

माझं उत्तर: पहिल्यांदा ऐकत असाल तर २०१७चं स्टिरिओ. अल्बम पाठ असेल तर मोनो, आणि तोही स्पीकरवर.

मोठ्या पेटीत नेमकं काय काय आहे?

सहा तबकड्या: चार सीडी, एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे. पहिल्या सीडीवर नवं स्टिरिओ मिक्स. दुसरी आणि तिसरी न वापरलेल्या टेकची (टेक म्हणजे गाणं वाजवून रेकॉर्ड करायचा एकेक प्रयत्न), आणि ती ज्या क्रमाने रेकॉर्ड झाली त्याच क्रमाने लावलेली. चौथीवर मोनो अल्बम आणि काही आधी केलेली, नंतर सोडून दिलेली मोनो मिक्स. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर ५.१ सराउंड आवाज, शिवाय १९९२चा अल्बमच्या घडणीवरचा माहितीपट. १४४ पानांचं बांधीव पुस्तक, आणि 'मिस्टर काइट' गाणं जिच्यावरून सुचलं त्या जुन्या सर्कशीच्या जाहिरातीची प्रतिकृती. यापेक्षा लहान दोन सीडींची आणि दोन एलपींची आवृत्तीही आहे.

अर्धवट टेक कशाला ऐकायचे? शेवटी चांगलं ते अल्बमवर आलंच ना?

बरोबर आहे, आणि रोज ऐकायला ते नाहीतच. मी स्वतः ते दोन-तीनदाच सलग ऐकलेत.

पण गवयाच्या रियाजाला बसायला मिळालं तर कोण नाही म्हणेल? इथे तसं होतं. 'गेटिंग बेटर' किंवा 'फिक्सिंग अ होल'चा पहिला टेक ऐकलात तर चार तरुण, तिशीच्या आतले, एकत्र बसून सरळ वाजवताना दिसतात. 'सार्जंट पेपर' म्हटलं की डोळ्यांपुढे ऑर्केस्ट्रा, सतार, प्राण्यांचे आवाज अशी जत्रा येते, त्यामुळे खाली एक घट्ट बसलेला रॉक बँड आहे हे विसरायला होतं. टेकच्या मधलं बोलणंही आहे. कोण कुणाला काय सांगतंय, कोण चुकतंय, कोण वैतागतंय. 'बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट'च्या आधीचं बोलणं ऐकल्यावर त्या गाण्याची भीती गेली माझी.

तुलनेसाठी एक आकडा: त्यांच्या पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ला एका दिवसात रेकॉर्ड झाली होती. 'सार्जंट पेपर'चं काम २४ नोव्हेंबर १९६६ला सुरू झालं आणि २१ एप्रिल १९६७पर्यंत चाललं. स्टुडिओतले सुमारे ७०० तास. त्या तासांत काय झालं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीवर सापडतं.

एकच गाणं खोलात ऐकायचं असेल तर कोणतं?

'अ डे इन द लाइफ', दुसरा विचारच नको.

पहिल्या टेकमध्ये लेनन गिटार घेऊन गातोय, जवळजवळ एकटा. सुरुवातीला आकडे मोजायच्या ऐवजी तो 'शुगर प्लम फेअरी, शुगर प्लम फेअरी' असं म्हणत ताल धरतो. मध्ये २४ मात्राखंडांची मोकळी जागा सोडलेली होती, तिथे काय घालायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅल इव्हान्स ते खंड मोठ्याने मोजतोय आणि शेवटी गजर होतो, म्हणजे खरोखरचं गजराचं घड्याळ. गंमत अशी, की पुढे जोडलेल्या पॉलच्या तुकड्याची सुरुवात झोपेतून उठण्याने होते, त्यामुळे तो गजर तसाच ठेवून दिला.

१० फेब्रुवारी १९६७ला त्या मोकळ्या जागेसाठी चाळीस वादक बोलावले. त्यांना सांगितलं, वाद्याच्या सगळ्यात खालच्या स्वरापासून सगळ्यात वरच्या स्वरापर्यंत चढायचं, शेजाऱ्याकडे लक्ष न देता. शास्त्रीय शिस्तीत वाढलेल्या माणसांना 'शेजाऱ्याबरोबर वाजवू नका' हे सांगणं किती अवघड गेलं असेल! ते चारदा रेकॉर्ड करून एकावर एक रचलं, म्हणजे एकशे साठ वादकांचा लोंढा झाला. चार ट्रॅकमध्ये हे बसणं शक्य नव्हतं, म्हणून केन टाउनसेंड या इंजिनिअरने दोन टेपयंत्रं एकत्र चालवायची युक्ती काढली. पेटीत हा ऑर्केस्ट्रा सुटा दिलाय. गाण्याशिवाय ऐकलात तर रात्री ऐकू नका.

आणि शेवट. तो प्रसिद्ध पियानोचा स्वरमेळ पहिल्यापासून ठरलेला नव्हता. त्याच १० फेब्रुवारीच्या रात्री आधी सगळ्यांनी मिळून हुंकारासारखा एक लांब स्वर धरून पाहिला. ते टेक पेटीत आहेत. मधे हसू फुटतं, पुन्हा धरतात, पुन्हा सुटतं. ऐकताना कळतं की हा शेवट किती बारीक अंतराने पोरकट होता होता वाचला. मग २२ फेब्रुवारीला तीन-चार पियानोंवर एकदम आघात केला, आणि आवाज विरत जाईल तसतसं इंजिनिअरने पातळी वाढवत नेली. म्हणून तो चाळीस सेकंदांहून जास्त टिकतो. अगदी शेवटी खोलीतली खुर्ची करकरते. नव्या मिक्समध्ये ती करकर जास्त स्पष्ट ऐकू येते, आणि मला ती फार आवडते.

'विदिन यू विदाउट यू' हे खरोखर भारतीय संगीत आहे की नुसता मसाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा तबला असतो.

जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता. ताजमहाल हॉटेलात 'सॅम वेल्स' या खोट्या नावाने राहिला, पण मुंबईच्या पोरांनी त्याला शोधून काढलंच, आणि गर्दीला कंटाळून तो काश्मीरला, दल सरोवरातल्या हाउसबोटीत गेला. तो परतल्यावर दोन महिन्यांच्या आत अल्बमचं काम सुरू झालं. तेव्हा मुंबईचा या अल्बमशी संबंध ओढूनताणून आणलेला नाही.

हे गाणं त्याने हॅम्पस्टेडमध्ये एका मित्राच्या घरी हार्मोनियमवर बांधलं, असं त्यानेच सांगितलंय. चाल खमाज थाटाच्या अंगाने जाते. मुख्य भाग तीनतालात, मधला वाद्यांचा भाग दहा मात्रांच्या झपतालात. पाश्चात्य समीक्षकांनी त्या मधल्या भागाला 'विचित्र लय' वगैरे म्हटलं. आपल्याकडे हाताने टाळी धरता येते, धरून बघा. दिलरुबा हॅरिसनच्या आवाजामागून जातो, गायकामागे सारंगी जावी तसा. बाकीचे तिन्ही बीटल्स या गाण्यात नाहीतच.

वाजवणारे लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत आलेले भारतीय होते, आणि पन्नास वर्षं त्यांची नावं कुठेच छापली नव्हती. २०१७च्या सुमारास ती समोर आली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. 'अण्णा जोशी' वाचल्यावर माझे कान टवकारले, हे कबूल करतो. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमांपैकी एकावर वाजवायचं आणि पन्नास वर्षं निनावी राहायचं, याला काय म्हणावं?

पेटीत या गाण्याचे दोन तुकडे आहेत, दोन्ही सोन्यासारखे. एकात फक्त भारतीय वाद्यं आहेत, आवाज नाही, पाश्चात्य व्हायोलिनं नाहीत. दुसऱ्यात हॅरिसन तोंडाने चाल गाऊन वादकांना समजावतोय. चोवीस वर्षांचा, सहा महिन्यांपूर्वी शिकायला लागलेला मुलगा, समोर लहानपणापासून वाजवणारी माणसं, आणि तो अजिबात आव आणत नाही. मसाला घालणारा माणूस असा वागत नाही. गाणं उस्तादी नाही, पण प्रामाणिक आहे. शेवटचं हसू मात्र त्याने स्वतःच मागून घेतलं होतं. पाच मिनिटांच्या गंभीरपणानंतर श्वास सोडायला.

पुढे जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांबरोबर काम केलं. ती वेगळी कहाणी.

मुखपृष्ठावर गांधीजी होते हे खरं का?

खरं. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलाकारांनी माणसाच्या उंचीची पुठ्ठ्याची चित्रं उभी केली, ३० मार्च १९६७ला मायकेल कूपरने फोटो काढला. त्यात गांधीजी होते. ईएमआयचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी हरकत घेतली. भारतात लोक दुखावतील आणि तिथे विक्री होणार नाही ही त्यांची काळजी. गांधीजींना चित्रातून काढलं. श्री युक्तेश्वर, महावतार बाबाजी, परमहंस योगानंद आणि लाहिरी महाशय मात्र राहिले, ते हॅरिसनने निवडलेले. पुढे जमिनीवर एक छोटी लक्ष्मीही आहे. एलपीच्या आकारात दिसते, सीडीवर भिंग लागतं.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' आणि 'पेनी लेन' याच वेळी झाली, मग अल्बमवर का नाहीत?

कंपनीला एकल रेकॉर्ड हवी होती, म्हणून फेब्रुवारी १९६७मध्ये दोन्ही एकाच तबकडीवर काढली, आणि बाहेर आलेलं गाणं पुन्हा अल्बमवर घालायचं नाही असा तेव्हाचा त्यांचा शिरस्ता होता. आपल्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी चूक, असं जॉर्ज मार्टिन पुढे म्हणत. वर तबकडी इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावरही पोचली नाही. वाट अडवली एन्गलबर्ट हम्परडिंक या मद्रासमध्ये जन्मलेल्या गायकाने.

२०१७च्या आवृत्तीत दोन्ही गाणी आहेत. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'चे टेक १, ४, ७ आणि २६ लागोपाठ ऐका. लेननला सातव्याची सुरुवात आवडली होती आणि सव्विसाव्याचा शेवट. दोन्हींची लय वेगळी, स्वरही वेगळा. एकाचा वेग वाढवून, दुसऱ्याचा कमी करून मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी ते साधारण एका मिनिटावर जोडले. आधी सुटे ऐकलेत की जोड सापडतो, आणि एकदा सापडला की कायम दिसत राहतो, शर्टावरच्या रफूसारखा.

'कार्निव्हल ऑफ लाइट' आहे का पेटीत?

नाही. ५ जानेवारी १९६७ला केलेला बीटल्सचा सुमारे चौदा मिनिटांचा तो आवाजांचा प्रयोग याही वेळी बाहेर आला नाही. माझ्या मते तो न ऐकता राहिल्यानेच मोठा झालाय.

नव्या मिक्समध्ये काही बिघडलंय का? सगळे नुसती स्तुतीच करतात.

बिघडलंय म्हणणार नाही, पण काही गेलंय. जुन्या स्टिरिओत आवाज कुठेही फेकलेले असायचे. गाणारा एका कानात, ढोल दुसऱ्या कानात. ते तर्काला धरून नव्हतं, पण त्यात एक वेडेपणा होता. 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेननचा आवाज एका बाजूने दुसरीकडे हळूहळू सरकायचा. पंधराव्या वर्षी मावसभावाने भरून दिलेल्या कॅसेटवर मी ते ऐकलं तेव्हा माणूस खोलीतून चालत गेल्यासारखं वाटलं होतं. आता गाणारा समजूतदारपणे मध्यावर उभा राहतो. ढोल आणि बास आजच्या कानांना हवे तितके भरदार आहेत, एकूण पातळीही चढी आहे. हे सगळं बरोबरच आहे. तरी 'लूसी' ऐकताना मला अधूनमधून वाटतं, की स्वप्न पडत असताना कुणीतरी खोलीतला दिवा लावलाय.

'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग' मात्र या मिक्सने अक्षरशः वाचवलंय. आधी ते गोंगाट वाटायचं.

माझ्या वडिलांकडे जुनी भारतात छापलेली एलपी आहे. आता ती ठेवावी का?

हा काय प्रश्न झाला! दमदमला ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात छापलेल्या त्या तबकड्यांवर वडिलांच्या पिढीने पॉकेटमनी घातलाय. मऊ कापडाने पुसा, उभी ठेवा, आणि सुई नवी घ्या. खरखर असेल तर असू दे. लेबलवर मोनो की स्टिरिओ हे आधी बघा. मोनो असेल तर मला कळवा, मी येतो.

मग सगळ्यांत मोठी पेटी घ्यावी का?

बहुतेकांनी घेऊ नये. न वापरलेले टेक ऑनलाइन सेवांवर ऐकायला मिळतात. आधी तिथे दोन-तीन रात्री ऐका. त्यानंतरही पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं, सर्कशीची जाहिरात बघावीशी वाटली तर घ्या. ती जाहिरात १८४३ची, रॉचडेलला आलेल्या पाब्लो फँकच्या सर्कशीची. लेननला ती केंटमधल्या सेव्हनओक्सच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली, आणि 'मिस्टर काइट'चे बरेचसे शब्द त्याने सरळ तिच्यावरून उचलले. पेटीतली प्रतिकृती समोर धरून गाणं ऐकताना लेननने कुठे शब्द फिरवले ते सापडत जातं. हा खेळ पैसे देऊन घेण्यासारखा आहे. दोन सीडींची आवृत्ती मात्र कुणालाही डोळे मिटून सुचवतो. तिच्यात प्रत्येक गाण्याचा निदान एक कच्चा टेक अल्बमच्याच क्रमाने आहे, त्यामुळे दुसरी सीडी म्हणजे अल्बमची अंगणातली तालीम वाटते.

चौथ्या सीडीसाठी हपापलेला एक गट आहे, त्यात मीही आलो. 'शीज लीव्हिंग होम'च्या पहिल्या मोनो मिक्समध्ये चेलोची एक छोटी जागा आहे, जी नंतर कापून टाकली. कापली ते योग्यच केलं. पण ती एकदा ऐकल्यावर अल्बममधल्या त्या गप्प क्षणाला वेगळं वजन येतं.

शेवटचा स्वर विरल्यावर जी बडबड ऐकू येते ती काय आहे? प्लेअर बिघडलाय का?

प्लेअर ठीक आहे. शेवटच्या स्वरानंतर आधी १५ किलोहर्ट्झच्या आसपासची एक शिट्टी आहे, कुत्र्यांसाठी म्हणून घातलेली. माझ्या भाचीला ती ऐकू येते, मला आता येत नाही. दरवेळी ती कान झाकते आणि मला कळतं की शिट्टी वाजली. त्यानंतर हसण्या-बोलण्याचे कापून जोडलेले तुकडे. मूळ इंग्लिश एलपीवर ते रेकॉर्डच्या अगदी आतल्या, बंद वर्तुळाच्या खाचेत कोरलेले होते. सीडीवर ते काही वेळा फिरून विरतात. एलपीवर विरत नाहीत. आपोआप थांबणारा प्लेअर नसेल तर ती बडबड रात्रभर चालू राहील. उठून सुई उचलावी लागते.